बॅटरीचा होकार

तिसऱ्या बॅटरीनेही नकार दिला, तेव्हा रेवतीने पर्स काउंटरवर आपटली.

"जरा हळू, मॅडम," दुकानदार कुजबुजला. "ती ऐकतेय. चिडली तर अजिबातच ऐकायची नाही."

रेवतीला कॅम्पिंग ट्रेलरसाठी फक्त एक बॅटरी हवी होती. वडिलांना, म्हणजे नानांना, वेळासच्या किनाऱ्यावर न्यायचं होतं, आणि त्यांचं ऑक्सिजनचं मशीन रात्रभर चालायला हवं होतं. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या मुक्या, काही विचारत नसत. पण मध्यरात्रीच मान टाकत. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या आठवडाभर पुरत. मात्र कायद्याने त्यांच्यावर गिऱ्हाइकाच्या जिवाची जबाबदारी टाकलेली, आणि त्या ती फारच मनावर घेत.

"पेशंटने घरीच थांबावं," बॅटरी पुन्हा म्हणाली. "तिथून हॉस्पिटल लांब आहे. काही झालं तर?"

"अगं बाई, तुला वीज द्यायचीय की सल्ला?" रेवती ओरडली.

इतका वेळ खुर्चीत बसलेले नाना धापा टाकत उठले आणि बॅटरीजवळ वाकले.

"मशीन चालवायची जबाबदारी तुझी," ते म्हणाले. "माझ्या जगण्या-मरण्याची माझी. घरी बसूनही मी मरणारच आहे, पोरी. फक्त घरातून समुद्र दिसत नाही."

बॅटरीवरचा हिरवा दिवा लागला.

"पण पंखा, दिवे, टीव्ही काही लावायचं नाही," तिने बजावलं. "सगळी वीज यांच्या मशीनला."

रेवतीने कपाळावर हात मारून घेतला.

"चालेल," नाना म्हणाले. "लाटा अंधारातही ऐकू येतात."