टँकरची जोडी

ओडेट आणि मार्सेल हे नवरा-बायको एकच ट्रक आळीपाळीने चालवत लुइझियानातली कोळंबी शिकागोला पोचवायचे. मग कंपनीने ज्वालाग्राही रसायनांचे टँकर घेतले. ते चालवायचे तर आधी सरकार बोटांचे ठसे घेतं आणि जुने गुन्हे तपासतं. ओडेटला परवानगी मिळाली, मार्सेलला नाही. काही वर्षांपूर्वी हायवेवरच्या हॉटेलात ओडेटला हसवणाऱ्या लिओन नावाच्या ड्रायव्हरला त्याने पान्याने फोडून काढलं होतं आणि त्यापायी तुरुंगात गेला होता.

आता ओडेटच्या टँकरवर दुसरा ड्रायव्हर म्हणून तोच लिओन आला. मार खाल्लेल्याच्या नावावर कुठला गुन्हा असणार?

निघायच्या सकाळी ती डब्यांत गंबोचा दाट रस्सा आणि भात भरत होती. मार्सेल दारात उभा राहून बघत होता.

"दोन डबे कशाला?"

"गाडीवर दोघं आहोत म्हणून."

"म्हणजे माझा संशय खरा होता. तेव्हापासूनच चाललंय तुमचं."

"काहीतरीच बोलू नकोस. तेव्हा मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. एक विनोद सांगितला त्याने, मी हसले, एवढंच."

"मग डबा भरून देण्याइतकी ओळख कधी झाली?"

ओडेटने दुसऱ्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.



"तू तुरुंगात गेलास तेव्हा. तुझ्या वतीने माफी मागायला मी रोज हॉस्पिटलात जायचे."