अंगणातली नायिका

दुपारच्या शांततेत वॉशिंग मशीन थांबल्याची टिंगटिंग वाजली, तरी केतकी उठली नाही. एका गाजलेल्या व्हिडिओ गेमवरून ती टीव्ही मालिका लिहीत होती आणि पहिल्याच भागात अडली होती. नायिका घराबाहेर पडते, आणि मागे तिची आई मरते.

शेजारी तिची लेक रेवा तोच गेम खेळत होती. महिनाभर तिची नायिका अंगणातच कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"अगं, निघ आता. राक्षस वाट बघून म्हातारा झाला असेल," केतकी म्हणाली.

"मी निघाले की तिची आई मरते ना? मग मी निघतच नाही."

केतकीने तिला कुशीत ओढून घेतलं.

कुशीतूनच रेवाने विचारलं, "आई, टीव्हीवर तिला घरीच ठेवायला कुठलं बटण दाबायचं गं?"