गोळीचे डाग

सत्यभामाच्या हृदयात धातूची झडप होती, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला रोज लागायची. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ती बंद केली होती. नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि आज गोळी पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टर मॅडमना तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग दिसले. "हे गोळीनं पडले असतील तर ती दिल्यावर पोटात रक्तस्राव होईल," त्या म्हणाल्या. "नसतील आणि गोळी थांबवली, तर झडपेत गुठळी होऊन जीव जाईल." "गोळीनंच पडतेत," नवरा म्हणाला. "आमच्या बिलोलीत कुणालाबी इचारा." कुणीही तेच सांगितलं असतं; इतकी वर्षं शेजारणींना तिनंच तसं सांगितलं होतं. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा आपल्या दंडावर ठेवला. एकेक बोट एकेका डागावर बरोबर बसलं. "दाबा की, घरी दाबता तसं," ती म्हणाली. "मॅडम, गोळी चालू करा."