धरलेलं दार

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. या इमारतीत ती मजल्यागणिक बदलायची. ट्रामचा थांबा दाराशी, भाडं परवडणारं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला इथे तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, तेव्हा तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

शेजारी तर इतके भले, की खालचं जड दार तिच्यासाठी धरून उभे राहायचे. फक्त एवढंच, की ती आत आली तरी ते दार सोडत नसत. आणखी कुणी यायचं असल्यासारखे थांबत, तिच्या मागे बघून हसत, मग सोडत. शिंपी थांबायचा, पहिल्या मजल्यावरची नर्स थांबायची. ती ट्राममध्ये चढली की चालकसुद्धा आरशात बघून जरा थांबे, मगच दारं मिटत.

“माझ्या मागे कोण असतं हो?” तिने एकदा शिंप्याला हसत विचारलं.

“तुमच्याच घरचं माणूस ना?” तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. “बोलत नाही, पण मान डोलावतं.”

ती तर एकटीच राहत होती. त्या दिवसापासून तिने मागे वळून बघणंच सोडलं.

आज संध्याकाळी मात्र ती आत शिरली आणि शिंप्याने दार लगेच सोडलं. ते तिच्या पाठीमागे धाडकन मिटलं. तिचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत जिना चढली.

वर पोचून ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली, तेवढ्यात तिच्या खोलीचं दार आतून उघडलं, आणि ती आत येईपर्यंत कुणी धरून ठेवावं तसं उघडंच राहिलं.