अण्णा आले की ठिपके

पडद्यावर पुन्हा ठिपके उमटले आणि ब्राह्मीने कपाळावर हात मारून घेतला.

आजाऱ्याच्या अंगातून येणारे किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी तिने नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार केला होता. वाड्यावस्त्यांवर गाडीतून न्यायचा, म्हणून साध्या बॅटरीवर दिवसभर चालणारा. समोर किरण नसतील तर पडदा कोरा राहायला हवा. सकाळभर तो कोरा होताही. उद्या साताऱ्याचे डॉक्टर पाहायला येणार, आणि ब्राह्मीबाईंचा बोर्ड नेमका आज दुपारी बिनसला!

त्यातही गंमत अशी, की सासरे जयपालअण्णा चहा घेऊन टेबलाजवळ आले की ठिपके. अंगणात गेले की पडदा लख्ख.

"अण्णा, तेवढा मोबाईल बाहेर ठेवा बघू."

मोबाईल गेला. घड्याळ गेलं, चष्मा गेला. ठिपके हटेनात.

"आता काय धोतर बी सोडू?" अण्णा म्हणाले.

सासूबाई गुणमाला तेवढ्यात मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि यंत्राची दृष्ट काढून गेल्या. ब्राह्मीला हसू आवरेना, पण आतून ती खट्टू झाली होती. पुण्याची नोकरी सोडून तिने डिग्रजच्या घरातल्या या सोप्यात टेबल मांडलं, ते अण्णांनी "कर की, आमी हाय" म्हटलं म्हणून. आणि तेच अण्णा पहाटे सांगलीच्या बाजाराला जाऊन दुपारी परत आल्यापासून निराळे वागत होते. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते. एरवी खांद्यावरून न उतरणारी नात धावत आली, तर "लांब हो गं!" म्हणून खेकसले. पोर मुसमुसत आत पळाली.

"अण्णा, माझ्यावर रागावलाय का?" तिने विचारलंच. "नोकरी सोडली, आता हेही जमेना. खरं सांगा."

अण्णांनी आतल्या दाराकडे पाहिलं. गुणमालाबाई चुलीपाशी होत्या. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "येडी का काय तू? कंबर लय दुखत हुती, मनात नको नको ते आलं. तुमास्नी घोर नको म्हणून बाजाराचं नाव सांगून हाडांचा फोटू काढून आलो. सगळं ठणठणीत हाय म्हणाले. आजच्या दिवस तेवढं लेकरांपासनं लांब ऱ्हायचं. त्या फोटूसाठी किरणांचं औषध टोचलंय न्हवं अंगात!"