मयताची वही

कसरीनं पाडलेलं भोक पाव इंचाचं होतं. जन्माच्या वहीच्या बाराव्या पानापासून ते सरळ एकोणिसाव्यापर्यंत गेलं होतं आणि प्रत्येक पानावर एकेक अक्षर खाल्लं होतं. चौदाव्या पानावर माथ्याच्या 'मौजे कामण'मधला म गेला होता. त्याखालच्या ओळींना मात्र धक्का लागला नव्हता.

त्यातली एक ओळ प्रेमलानं तिसऱ्यांदा वाचली. 'मुलगी. नाव चंद्रकांता. बाप रामचंद्र गोविंद राऊत, राहणार राजोडी. आई अनसूया भ्र. रामचंद्र. खबर देणार: बाप, स्वतः.'

भ्र. म्हणजे भ्रतार. लग्नाच्या बाईच्याच नावापुढे कारकून ते लिहीत. प्रेमलाच्या आईच्या नावापुढेही तेच होतं: भ्र. रामचंद्र. प्रेमलाच्या जन्माची खबर मात्र कोतवालानं दिली होती. ते पान तिनं सकाळीच पाहिलं होतं.

"अडतीस सालची गोष्ट," दप्तर कारकून फ्रेडरिक म्हणाला. "तेव्हा दोन बायका चालायच्या, बाय. आता एक झेपत नाही."

ती हसली नाही. फ्रेडरिकनं उगीच टेबलावरची धूळ झटकली.

बाहेर वसईच्या कचेरीत जमाबंदीची गर्दी होती. ओसरीवर राजोडीचा तलाठी भालचंद्र तिच्या वारसाचा कागद तयार करून बसला होता. वडिलांना जाऊन आज तीन महिने पुरे होत होते, वारसाची खबर देण्याची मुदत आजचीच. कागदावर त्यानं लिहूनही टाकलं होतं: वारस, मुलगी एक. प्रेमलाची एक सही झाली की राजोडीची वाडी, विहीर आणि घर तिच्या नावावर.

आई कधीच गेली होती. कामणची अनसूयाही गेली, हे वडिलांनीच एकदा जेवता जेवता सांगितलं होतं. मुलीबद्दल ते बोलले नाहीत. प्रेमलानं विचारलं नाही.

"मयताची वही दाखवता?" तिनं म्हटलं.

"कुणासाठी?"

"हिच्यासाठी." तिनं ओळीवर बोट ठेवलं.

"कुठलं साल?"

"साल माहीत नाही."

फ्रेडरिकनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्यानं फळीला शिडी लावली आणि कामणच्या एकोणीस सालांच्या वह्या खाली आणल्या.

त्याचं बोट ओळींवरून उतरू लागलं. नाव, वय, कारण. "ताप. ताप. देवी. ताप. साप. बाळंतपण. ताप." तो हलक्या आवाजात वाचत होता. 'मुलगी' शब्दापाशी बोट थांबे, तेव्हा प्रेमला पुढे वाके. बोट पुढे गेलं की मनात काहीतरी खाली बसे. ते काय आहे, हे तिनं नीट तपासून पाहिलं. ती निराशा होती.

चव्वेचाळीस सालात एक चंद्रकांता सापडली. वय सहा. प्रेमलानं वहीवर हात ठेवला.

"बाप गणपत," फ्रेडरिक म्हणाला. "ही दुसरी."

तिनं हात काढून घेतला.

दुपार कलली. भालचंद्रनं दारातून डोकं आत घातलं. "प्रेमलाताई, साहेब पाचला उठतात. एकुलत्या एका वारसाला एवढा वेळ लागलेला मी पहिल्यांदाच बघतोय. अहो, भांडायला तरी समोर कुणी हवं ना!"

"येते."

"घरी वाट बघणारं आहे का कुणी?"

"नाही."

"मग बरंय. सावकाश या." तो हसत निघून गेला.

फ्रेडरिकनं शेवटची वही मिटली. "नाही सापडत, बाय."

"लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली असेल," प्रेमला म्हणाली. "तिथं काही झालं असेल, तर या वह्यांत येणार नाही."

"कामणलाच आहे ती. महिन्यापूर्वी इथं येऊन गेली."

उठायला निघालेली प्रेमला परत बसली.

"हीच जन्माची वही मागितली," तो म्हणाला. "तिला वाचता येत नाही. बापाचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, कुठं लिहिलंय ते दाखवा. मी दाखवलं. थोडा वेळ बघत बसली आणि गेली."

"आणखी काय मागितलं?"

"काही नाही. प्यायला पाणी."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. तुमच्यासारखीच, एकटी."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

फ्रेडरिक वह्यांचा गठ्ठा बांधत होता. त्यानं गाठ आवळली. "तुम्ही मयताची वही मागितलीत, बाय. मागेल ती वही दाखवायची, एवढंच माझं काम."

ती उठून ओसरीवर आली. भालचंद्रनं टाक दौतीत बुडवून तिच्यापुढे धरला. "इथं. 'मुलगी एक'च्या खाली सही करा."

तिनं टाक घेतला नाही. शाईचा एक थेंब कागदाच्या कोपऱ्यावर पडला. भालचंद्रनं तो घाईघाईनं टिपला.

"दोन लिहा," ती म्हणाली.

"दोन? दोन काय?"

आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. प्रेमलानं आवाज खाली आणला नाही.

"वारस. कामणला माझी बहीण आहे."