पंख्याचं माप

नवरा दर रविवारी शिडाची होडी घेऊन एकटाच जायचा आणि दिवेलागणीला उगवायचा. कारण ठरलेलं. "वारा पडला गं. मोटर आहे, पण ओढेल तर शपथ! तिचा पंखाच लहान आहे." सात वर्षं हे ऐकून तिचे कान किटले. शेवटी त्याच्या वाढदिवसाला मोठा पंखा द्यायचा, असं तिने ठरवलं. धक्क्यावरच्या रखवालदाराकडून जुना पंखा गुपचूप उतरवून घेतला आणि पिशवीत घालून मिस्त्रीचं दुकान गाठलं.

मिस्त्रीने होडीची लांबी विचारली, मोटरीची ताकद विचारली. मग पंखा उजेडात धरून तिन्ही पात्यांवरून अंगठा फिरवला.

"ताई, माप अगदी बरोबर आहे. पण याचा रंगसुद्धा उडालेला नाही. हा पाण्यात फिरलेलाच नाही."

तिच्या मनात नाही नाही ते आलं. पंखा तिने होता तिथे बसवून घेतला आणि त्या रविवारी, न विचारता, होडीत जाऊन बसली.

दुपारी वारा पडला. शीड लोंबू लागलं, पाण्यात ढग उतरले आणि होडी त्या ढगांतच कुठेतरी थांबली. नवऱ्याने सवयीने पाय पसरले, टोपी डोळ्यांवर ओढली. मग ती आहे हे आठवून दचकून उठला आणि ओशाळून मोटरीच्या दोरीला हात घातला.

"राहू द्या हो," त्याच्या शेजारी आडवी होत ती म्हणाली. "पंखा लहान आहे ना."